पाठ न लागलेला पाव्हना

बहरामनं हंबीराचा पाय मोडला तवा माइक माझ्याच हातात व्हता. बेलदरीच्या जत्रंचं मैदान, शेवटची कुस्ती. इरानचा बहराम आन् आमच्या वाळवा तालुक्याचा हंबीरराव. बहरामनं त्येला कंबरंत धरून उचलला, फिरवला आन् आपटला. हंबीराचा पाय त्येच्याच अंगाखाली घावला आन् गुडघ्यातनं ऊस मोडल्यावानी आवाज आला. माझ्या माइकनं त्यो आवाज साऱ्या मैदानाला ऐकवला. लोकांनी आदी टाळ्या कुटल्या. हंबीरा उठंना तवा टाळ्या थांबल्या.

आता तुमी म्हनशीला, मंग दोघांची दुस्मनी झाली असंल. हितंच तुमची गफलत हाय. पैलवान मानूस तुमास्नी ठावंच न्हाई. त्याच बहरामनं हंबीराला दोन्ही हातांवर उचलून जीपमदी घातला, मिरजंला नेला आन् दवाखान्यात त्येच्या खाटंखाली सतरंजी टाकून झोपला. पुढची मैदानं सोडली. इमानाचं तिकीट बुडालं. हंबीराची बायकू राजेश्वरी पयल्या दिवशी त्येच्या अंगावर धावून गेली व्हती, दुसऱ्या आठवड्यात ती त्येला भाकरी करून घालाय लागली. तवा त्यो इस्लामपूरच्या तालमीत ऱ्हायचा. आमी त्येला आदी शिव्या शिकवल्या, मंग मराठी. त्यामुळं त्येची मराठी अजूनबी तशीच हाय, अर्धी हिंदी आन् अर्धी वंगाळ.

ह्याला आता अठरा वरसं झाली. हंबीरा लंगडा झाला तो झालाच. पन दर ईदंला आन् दर दसऱ्याला ह्या दोघांचं फोनवर बोलनं चुकलं न्हाई. येकाला दुसऱ्याची भाषा धड येत न्हाई, तरी तासभर फोन चालायचा. काय बोलत असतील, देव जाने. मी तात्याबा, जलमभर दुसऱ्यांच्या कुस्त्या बोंबलून सांगनारा मानूस, मला असा येकबी दोस्त मिळाला न्हाई. मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू?

औंदा बहराम आला. कुस्तीला न्हाई, फिराय. कुस्ती सोडून त्येनं बापाचा धंदा धरलाय. इस्फहान म्हनून त्येचं गाव हाय, तितल्या जुन्या मशिदी, पूल, हमामखानं ह्यांच्या कमानी दुरुस्त करतो. मी त्येला पुन्याहून सातारला घिऊन आलो. गाडीत म्हनला, "भाऊ, मेरेकू दोनच चीज बगायचं. दोस्त आन् पत्थर. दोनीबी जुनं पायजे."

मी म्हनलं, "आमच्याकडं दोन्हीबी ढिगानं पडल्यात रं. कुनी इचारत न्हाई."

त्येला लिंबला न्हेला, बारामोटंच्या हिरीवर. ती हीर बघून बहराम येडा झाला. पायऱ्या उतरताना दर दगडाला हात लावायचा, बोटाच्या पेरानं ठोकायचा, कान लावायचा. आमी शिंचे जलमापासनं बघतोय ती हीर, आमी कवा कान लावला न्हाई. मधल्या महालात उभा ऱ्हाऊन कमानीकडं बघत म्हनला, "ये कमान बग. चुना कमी, डोकं जास्ती." आन् हसला. मंग वर बघायला मान मागं टाकाय गेला आन् मधीच थांबला. सगळं अंग घिऊन वळला. बैल वळतो तसा.

मी म्हनलं, "मानंला काय झालं रं?"

त्येनं आदी टाळलं. मी काय सोडतोय व्हय. मंग त्येनं अंगरख्याची कॉलर खाली केली. मानंच्या मागं टाक्यांचा वीतभर वण, वरपासनं खालपतुर. परांचीवरनं पडला व्हता, घुमटाचं काम करताना. आत लोखंडाची पट्टी आन् स्क्रू. डाक्टरनं सांगितलंय, येक जरी हिसका बसला तर मानंखालचं समदं अंग लाकूड व्हनार.

"हंबीरको नै बोलना," त्यो म्हनला. "उसके सामने मी पैलवान हाय. मेरेकू वैसाच ऱ्हाऊ दे."

मी शब्द दिला. माझा शब्द म्हंजे काय, चाळनीतलं पानी. पन दिला.

बेलदरीत हंबीरा फाटकाशी काठी टेकून उभा व्हता. बहराम वाकला आन् हंबीराच्या त्या मोडक्या गुडघ्याला हात लावून त्येनं आपल्या कपाळाला लावला. हंबीरानं त्येच्या टकुऱ्यात येक टपली मारली, "उठ की रं म्हाताऱ्या." राजेश्वरी दारात उभी ऱ्हाऊन पदरानं डोळं पुसत व्हती आन् म्हनत व्हती, "केस किती गेलं वं भाऊजी तुमचं." मी आपला तंबाखू मळत बसलो.

फक्त साईराज बाहीर आला न्हाई.

साईराज हंबीराचा लेक. चोवीस वरसाचा, पंच्यान्नव किलो. बाप खुर्चीवर बसून काठीनं दाखवायचा आन् ह्यो लाल मातीत करायचा, अशी त्येची कुस्ती झाली. पुढल्या म्हयन्यात पलटनीच्या खेळाडू भरतीची चाचनी व्हती, त्येचं समदं घर त्यावर डोळं लावून बसलेलं. पोरगं गुनी. पन बापाला संडासाला बसताना, ट्रॅक्टरवर चढताना, रात्रीचं कूस बदलताना कन्हताना बघतच मोठं झालेलं. बापानं माफ केलं असंल, पोरानं न्हाई. जेवायला बोलावलं तर आतनं म्हनला, "मला भूक न्हाई." बहरामला समजलं. त्येनं घास तसाच ताटात ठिवला, मंग हंबीरानं डोळं वटारले म्हनून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी जत्रंचं मैदान.

आमचा कुस्तीचा हौदा देवळाच्या पाठीशीच हाय. काळ्या दगडाचं जुनं देऊळ, बिनचुन्याचं, दगडात दगूड बसवल्यालं. बहराम सकाळपासनं त्येच्या भवती फिरत व्हता. दुपारी लोक जमलं, हौद्याच्या चारीबाजूंनी, झाडावर, देवळाच्या वसरीवर, पाय ठिवाय जागा न्हाई. हलगी कडाडाय लागली. लहान कुस्त्या झाल्या, नारळावरच्या, मंग मोठ्या. येकाचं नाक फुटलं, येकाचा खांदा निसटला, वस्तादानं तितल्या तितं बशिवला. रगताची धार पडली की वर माती टाकायची आन् फुडली जोड बोलवायची. मैदान म्हंजे असंच असतंय.

शेवटची कुस्ती साईराजची व्हती, पंढरपूरकडच्या येका पैलवानासंगं. आमच्याकडं मोठ्या कुस्तीला पाव्हन्याला हौद्यात बोलावत्यात. त्येनं दोन्ही पैलवानांचं हात येकमेकांच्या हातात द्यायचं. त्याला कुस्ती लावनं म्हनत्यात. जत्रा कमिटीचा लालासाहेब मला म्हनला, "तात्या, इरानच्या पाव्हन्याला बोलव. जरा दनक्यात."

जरा दनक्यात! मला आनि काय पायजे? माइक हातात आला की माझ्या अंगात येतंय. बहराम हौद्यात दोन्ही पैलवानांच्या मधी येऊन उभा ऱ्हायला आन् मी बोलाय लागलो. इस्फहानपासनं सुरवात केली. सात समिंदर वलांडून आलाय म्हनलं. मैतरकी काय असती ते ह्याच्याकडनं शिका म्हनलं. लोक टाळ्या वाजवत व्हतं, आन् टाळ्या वाजल्या की मला थांबता येत न्हाई. मी म्हनलं, "मंडळी, आजच्या घडीपतुर बेलदरीच्या मातीला ह्या मर्दाची पाठ लागल्याली न्हाई!"

बोललो आन् जीभ चावली.

आमच्या मैदानाचा येक रिवाज हाय. पाठ न लागलेला म्हनून पुकारलेला गडी हौद्यात उभा असंल, तर कुनीबी त्येच्या अंगावर मूठभर माती टाकू शकतोय. त्येनं माती झटकली तर विषय मिटला, कुनी काय बोलत न्हाई. न्हाई झटकली, तर जोड लागली. ह्यो रिवाज मला ठावं न्हाई असं न्हाई. मीच दर सालाला नव्या पोरांस्नी सांगतो. पन तोंडाला कुलूप नसल्यावर डोक्यात असून काय उपेग?

साईराज वाकला. त्येनं मूठ भरली आन् बहरामच्या छातीवर माती मारली. हलगी थांबली.

"झटक," मी माइक बाजूला करून वराडलो. "बहराम, झटक ती!"

बहराम त्या मातीकडं बघत व्हता. धवळ्या अंगरख्यावर तांबडा डाग. त्येनं बोटानं थोडी घेतली आन् डोळ्याला लावली. मंग हसला आन् अंगरख्याच्या गुंड्या सोडाय लागला.

लोकं येडी झाली. फेटं उडालं. पंढरपूरचा पैलवान आपला गुमान भाईर येऊन बसला. कुनीतरी जांग्या फेकला, त्यो घिऊन बहराम देवळामागं गेला. मी माइक टाकून त्येच्या मागं पळालो.

"तुला येड लागलंय का रं? मान हाय का बाभळीचं खोड?"

"मिट्टी हाय भाऊ. मिट्टी कोन झटकतो?"

"आरं मरशील!"

"बच्चा मेरेकू खाना खाते वक्त बी नै बगता," बहराम म्हनला. "आज बगतोय. लडने दे." आन् माझ्या खांद्यावर हात ठिवून म्हनला, "जबान दिया हाय तू."

मी हंबीराकडं गेलो. त्यो हौद्याच्या कडंला खुर्चीवर बसलेला, काठी दोन्ही मुठीत. मी म्हनलं, "हंबीरा, थांबीव ही कुस्ती. पोरगं तुझं हाय." त्यो म्हनला, "पोरगं माझं हाय, दोस्तबी माझा हाय. मी कुनाला थांबवू? पन्नाशीचा गडी हाय त्यो, साईराज त्येला घटकंभरात पाडंल, भडास निगंल, मिटंल." त्येला मानंचं ठावं नव्हतं. मला व्हतं. उभ्या जलमात येकदा गप बसलो, ते नको तितं.

बहराम मानंला माती फासून हौद्यात आला, वण झाकला गेला. कुस्ती लागली.

साईराजनं पयलाच हात मानंवर मारला. गर्दनखेच. सगळं पैलवान मारत्यात, त्यात नवल न्हाई. फाट् करून आवाज, परत फाट्. बहराम मान आखडून, खांदं वर घिऊन मागं सरकत व्हता. लोकास्नी वाटलं घाबरला. शिट्ट्या वाजल्या. साईराजनं कपाळ त्येच्या तोंडावर हानलं, बहरामचा ओठ फाटला. रगात दाढीवरनं छातीवर आलं. बहराम थुकला, हात पसरून पुन्यांदा पुढं आला. त्येनं येकदा पोराला कंबरंत धरला, ती जुनी पकड. हंबीरा खुर्चीतनं अर्धा उठला. पन बहरामनं उचलला न्हाई. सोडला. का सोडला, ते तितं दोघा-तिघांस्नीच कळलं. साईराजला कळलं, आन् त्येनं त्यो आनीच पिसाळला.

"माझ्या आबाला सोडलं नव्हतंस!" असं म्हनून त्येनं दोन्ही पाय ओढून दुहेरी पट काढला. बहराम तोंडावर पडला. साईराज पाठीवर बसला, येक हात त्येच्या दंडाखालनं घातला आन् गुडघा मानंवर ठिवला.

घुटना डाव. मानंवर गुडघा रवायचा आन् गडी उलटा करायचा. ह्यो डाव हंबीराचा. लेकाला त्येनंच शिकवल्याला.

मी बघत व्हतो. बहरामचं तोंड मातीत, डोळं माझ्याकडं. साईराजनं भार टाकला. बहरामचं पाय थरथराय लागलं. लोकांस्नी वाटलं झुंजतोय. मी वळखलं, त्यो झुंजत न्हाई, पाय त्येचं ऐकत न्हाईत. माझ्यानं ऱ्हावलं न्हाई. शब्द गेला उडत. मी माइकवर बोंबललो, "साईराज, उचल गुडघा! त्येच्या मानंत लोखंड हाय! मरंल त्यो, पोरा, मरंल!"

साईराजनं माझ्याकडं बघितलं. मंग खाली बघितलं. तितं त्येच्या गुडघ्याखाली, इतक्या जवळनं, त्येला मातीखालचा त्यो वण दिसला असनार. पोरानं गुडघा उचलला.

मी देवाची शपत घिऊन सांगतो, मी सुटलो असं मला वाटलं.

आन् बहरामनं त्यो उचलल्याला पाय धरला. त्येनं इचार करून धरला असं मी म्हननार न्हाई. पायात परत जीव आला आन् तीस वरसांची सवय उसळली, हाताला मोकळा पाय घावला, हातानं धरला. मांजराम्होरनं दोरी ओढली की पंजा पडतोय, तसा. पाय धरला, अंग पिळलं, साईराज कोलमडला, पडताना त्येनं हात टेकला आन् त्या टेकलेल्या हातावर बहराम सगळ्या वजनानं आला. कोपर उलटं वळलं. हाड कातड्याखालनं वर आलं. साईराजची पाठ मातीला लागली आन् त्येच येळंला त्येनं टाहो फोडला.

चितपट. रीतसर कुस्ती झाली व्हती. हलगीवाल्यानं सवयीनं येक ठोका टाकला आन् टिपरू हातातनं सोडलं.

बहराम बाजूला सरला, आपल्या हातांकडं बघत. त्येचं तोंड रडनाऱ्या पोरावानी झालं व्हतं. हंबीरा हौद्यात उतरला. कवाच उतरत न्हाई त्यो, पाय मोडल्या दिसापासनं येकदाबी उतरला नव्हता. पाय फरफटत आला आन् लेकापाशी बसला. कोपर बघितलं. भरती गेली, पलटन गेली, समदं त्येला तितंच दिसलं. आमालाबी दिसलं.

"गुडघा का उचललास?" हंबीरानं इचारलं.

"आबा, तात्या म्हनलं... त्येची मान..."

"खरं हाय?" हे बहरामला. बहरामनं मान हलवली न्हाई, त्येला हलवता येत नव्हती. डोळं मिटून घेतलं.

हंबीरा उठला. उठला आन् काठी उचलली. पयला दनका बहरामच्या खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. "मला न्हाई सांगितलंस? तात्याला सांगितलंस, मला न्हाई? सांगितलं असतंस तर तुझ्या पायात पडला असता पोरगा माझा!" परत दनका. "त्येनं सोडलं तुला! तुला सोडता आलं न्हाई?" बहराम हात खाली सोडून उभा. येकदाबी आडवा हात घातला न्हाई. काठी फुटली तवा हंबीरानं हातातला तुकडा टाकला आन् मुठीनं मारू लागला, तोंडावर, जितं ओठ फाटल्याला तितंच. मी मधी पडाय गेलो तर मला कोपराचा तडाखा देऊन पाडलं. त्यो मार मला बसाय पायजेच व्हता.

लोकांनी बघितलं की बापच मारतोय. मंग काय, सगळ्यांस्नी परवाना मिळाला. येक चप्पल आली. मंग नारळाची करवंटी. मंग दगूड. कुनीतरी वराडलं, "परदेशी हरामखोराला जित्ता सोडू नका रं!" पोरं हौद्यात उतराय लागली. येक दगूड बहरामच्या कानशिलावर बसला आन् त्यो गुडघ्यावर आला. मी माइक शोधत व्हतो, तार तुटली व्हती. माझा आवाज, ज्यावर मी उभी हयात काढली, तो माझ्याच कानापतुर जाईना.

पुढचा दगूड बहरामला लागला न्हाई. हंबीरा मधी आला व्हता. त्येच्या कपाळावर बसला. रगात डोळ्यात आलं. त्यो बहरामच्या वर वाकला, दोन्ही हातांनी त्येची मान झाकली, आन् तसाच गर्दीकडं तोंड करून बोलला. वराडला न्हाई, पन म्होरल्या वळीला ऐकू गेलं आन् तितनं मागं मागं जात ऱ्हायलं.

"माझा दोस्त हाय. मी मारीन. तुमी कोन?"

पोरं जागच्या जागी थांबली. येकाच्या हातात धोंडा व्हता, त्येनं त्यो हळूच मागं टाकला. राजेश्वरी गर्दीतनं वाट काढत आली, लेकापाशी बसली, पदर फाडून हात बांधाय लागली. तिनं बहरामकडं बघितलं न्हाई. नवऱ्याकडंबी न्हाई.

हंबीरा बाजूला झाला. दोघंबी रगतानं भरल्याली, येकमेकांम्होरं मातीत बसल्याली. साईराज कन्हत व्हता तेवढाच आवाज. मंग हंबीरानं बहरामच्या दंडाला धरून त्येला हळूहळू सरळ केला, मान सांभाळून, आंधळ्याला उठवावं तसा.

"पाय हालतोय?"

"हालतोय," बहराम म्हनला.

"हात?"

"हालतोय."

"मंग चल," हंबीरा म्हनला. "पोरगं उचल. माझ्या पायात जोर न्हाई."